माझं कॉफीच्या फोटोंचं खूळ



या ग्रुपवर इंदूरकर सराफ्याबद्दल लिहितात, बडोदेकर राजवाड्याबद्दल, ग्वाल्हेरची मंडळी गाण्याबद्दल. मी बेळगावचा, शहापूर भागातला. सांगण्यासारखा वाडा आमचा नव्हता, भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पण गेली तीन वर्षं मी इथं कॉफीचे फोटो टाकतोय. तुमच्यापैकी बरेच जण लाईक करता, दोघं-तिघं दर वेळी ‘काका, चहाचे पण टाका’ असं लिहिता. गेल्या पावसाळ्यात फोटो अचानक बंद झाले, तेव्हा काहींनी विचारपूस केली. मी ‘प्रकृती बरी नाही’ एवढंच उत्तर दिलं होतं. ते अर्धवट होतं. आज सगळं लिहितो. लिहिलेलं हिला आधी वाचून दाखवलंय. दोन वाक्यं तिनं काढायला लावली, ती काढली.

लहानपणी आमच्या घरी चहाच. कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी, नाहीतर परीक्षेच्या जागरणाला. पोलसनची पूड दुधात उकळायची, साखर भरपूर, वरून जायफळ किसायचं. आमची तीच कॉफी. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, लग्न झालं, तरी तीच. फिल्टर कॉफी आमच्या घरात आली ती १९८४ साली, माझी बदली चिक्कमगळूर जिल्ह्यात झाली तेव्हा.

बेळगावहून तिथं जाणं म्हणजे हिच्या दृष्टीनं काळं पाणीच. पाऊस बेळगावलाही कमी नाही, पण तिथला पाऊस वेगळा. कपडे चार-चार दिवस वाळत नसत, मीठ बरणीत पाणी होऊन जायचं. मराठी बोलायला माणूस नाही. शेजारी एक अज्जी राहायच्या. मुलगा दुपट्यात, आणि ही दिवसभर एकटी, हे बघून त्या पहिल्या आठवड्यातच दोन मजली पितळी भांडं घेऊन आल्या आणि हिला फिल्टर लावायला शिकवला. वरच्या भांड्यात पूड, ती फार दाबायची नाही. उकळतं पाणी एकदम ओतायचं नाही, आधी पूड भिजेल एवढंच. मग झाकण लावून विसरून जायचं. डिकॉक्शन थेंब थेंब खाली उतरतं. दूध ताजं आणि कडकडीत पाहिजे. आणि पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात उंचावरून ओतायचं, फेस येईपर्यंत. हिला कानडी येत नव्हतं, अज्जींना मराठी. ओतणं मात्र दोघींना चांगलं येत होतं. महिनाभरात ही हातभर उंचीवरून ओतायला लागली, थेंब बाहेर नाही.

मी तेव्हा बागायतदारांच्या कर्जाच्या फायली बघायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या काळात कॉफी पिकवणाऱ्याला आपला माल हवा तिथं विकता येत नसे. सगळी कॉफी बोर्डाच्या पुलात द्यायची आणि पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे. तेवढ्यात मजुरी, खत, औषध कुठून करणार? म्हणून बँक. ते बंधन पुढं नव्वदच्या दशकात सैल होत होत गेलं. तपासणीला बागेत जायचो तेव्हा बागायतदार हौसेनं सगळं दाखवायचे. सावलीची झाडं, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल, अरेबिका कुठली, रोबस्टा कुठली. मार्च-एप्रिलात एक-दोन चांगल्या सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत सगळी बाग पांढरी होते. वास मोगऱ्यासारखा. दोन-चार दिवसांत फुलं काळवंडून जातात. ते एकदा डोळ्यांनी बघावं असं आहे.

माझ्याकडं तेव्हा आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. बडोदेकरांनी कॉलर ताठ करावी, तो कॅमेरा बडोद्यात तयार व्हायचा. एका रोलात बारा फोटो. बारा म्हटल्यावर माणूस जपून काढतो. मी बेलूर काढलं, हळेबीड काढलं, मुळ्ळय्यनगिरीवरून दरी काढली, बाबा बुडनगिरी काढली, तिथंच म्हणे त्या फकिरानं मोख्याहून लपवून आणलेल्या सात बिया पेरल्या. मॅनेजर साहेबांच्या निरोप समारंभाचे चार काढले. चार वर्षं कॉफीच्या गावात राहिलो, कॉफीचा फोटो एक नाही. आणि हिचे पाच. पाचांतल्या तीन फोटोंत ती देवळाच्या खांबाशेजारी उभी आहे, खांब किती उंच आहे ते कळावं म्हणून मी तिला उभी केली होती.

बेळगावला परत आलो, बदल्या होत राहिल्या, २०१० साली रिटायर झालो. फिल्टर राहिला. अज्जींचं पितळी भांडं त्यांना परत दिलं होतं, आम्ही स्टीलचं घेतलं.

फोटोंचं खूळ लागलं ते नातीमुळं. ती बंगळूरला असते. कॅफेत गेली की कॉफीवर काढलेल्या पानाचा नाहीतर बदकाचा फोटो पाठवायची. मी एकदा म्हटलं, ‘यात कॉफी कुठं आहे? ही तर दुधावरची रांगोळी.’ ती म्हणाली, ‘मग आजोबा, तुम्ही दाखवा आजीची.’ दिवाळीला येताना मोबाईल ठेवायचा छोटा स्टँड घेऊन आली आणि अर्ध्या तासात मला सगळं शिकवून गेली. स्क्रीनवर बोट टेकवायचं, बाजूला सूर्याची खूण येते, ती खाली ओढली की अंधार होतो. एवढं मला पुरलं.

पहिला फोटो स्टीलच्या पेल्याचा. घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत सुनेचा फोन, ‘बाबा, तो फोटो काढून टाका.’ पेल्याच्या पोटावर मी पूर्णच्या पूर्ण दिसत होतो, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत. तेव्हापासून स्टीलचं भांडं असेल तर मी शर्ट घालून फोटो काढतो. स्टील सगळं दाखवतं. त्याला खिडकीच्या बाजूनं तिरकं ठेवायचं, आणि आपण लांब उभं राहून थोडं मोठं करून काढायचं.

वाफ पकडायला मला दोन महिने लागले. वाफ डोळ्याला दिसते, फोटोत येत नाही. पुढून उजेड असला की ती दिसतच नाही, पेल्याच्या मागून किंवा बाजूनं उजेड यायला हवा आणि पाठीमागं काळोख हवा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. ट्यूबलाईट बंद, खिडकीच्या एका बाजूला पेला, मागं काळं काहीतरी. आधी छत्री उघडून लावली. मग हिची संक्रांतीची काळी चंद्रकळा दोरीवर टांगली. तिनं बडबड केली, पण साडी दिली. जानेवारीत पहाटे गारठा असला की वाफ दाट येते, एप्रिलात तीच कॉफी तितकीच कडकडीत असून वाफ विरळ दिसते. तुम्हा सगळ्यांना आवडलेला ‘धुक्यातली कॉफी’ हा फोटो तसा, साडीपुढचा आहे.

कोरं डिकॉक्शन पांढऱ्या वाटीत घेतलं तर ते आरशासारखं होतं. वरून वाकून बघितलं तर आपलंच तोंड दिसतं. थोडं तिरकं झालं की खिडकीचे गज, बाहेरची तुळस, आभाळाचा तुकडा, सगळं त्या काळ्या पाण्यात. त्या एका वाटीचे मी चाळीसेक फोटो काढले असतील. थेंब पकडणं त्याहून अवघड. बटण दाबून धरलं की फोन एकामागं एक फोटो घेतो, त्यातल्या एखाद्यात थेंब फिल्टरपासून सुटलेला आणि खाली न पोचलेला सापडतो. फेसाचं आयुष्य तर मिनिटभर. नात म्हणाली, जाहिरातवाले फेसाच्या जागी साबणाचे बुडबुडे घालतात. हिनं ते ऐकलं आणि म्हणाली, ‘माझ्या भांड्यात साबण घालून बघा.’ तो विषय तिथंच संपला.

ओतण्याचा फोटो मात्र जमेना. पेला आणि डबरा यांच्यामध्ये कॉफीची जी दोरी धरते ना, ती मला हवी होती. रोज सकाळी ही ओतायची, मी काढायचो. पेला स्पष्ट, मागची साडी स्पष्ट, दोरी फिसकटलेली आणि हिचा हात पुसट. मी म्हणायचो, ‘हलू नकोस.’ ती म्हणायची, ‘हलले नाही.’ नात म्हणाली, उजेड कमी असला की फोन फोटो घ्यायला जास्त वेळ लावतो, हलणारी वस्तू पुसट येते. म्हणून मी हिला गच्चीवर भर उन्हात उभी केली. दोरी जरा बरी आली, पण सरळ नाही. मला राग यायला लागला. ‘एवढी वर्षं ओततेस, आणि फोटोच्या वेळीच काय होतं तुला?’ असं मी बोललो. एकदा नाही, बऱ्याचदा.

एक दिवस तिनं सांगून टाकलं, ‘आता कॉफी वाटीत चमच्यानंच ढवळणार. ओतायचा कंटाळा येतो.’ मला वाटलं, माझ्यावर रुसली. मी समजूत काढून परत ओतायला लावलं.

मग मला स्लो मोशन सापडलं. फोन व्हिडिओ काढतो आणि हळूहळू करून दाखवतो. जुलै २०२४. बाहेर पाऊस, खिडकीतून पांढरा उजेड, काळी चंद्रकळा, आणि कॉफीची दोरी सापासारखी नागमोडी होत खाली उतरतेय, एक वळण, दुसरं वळण, तिसरं, सगळी सारख्या अंतरावर. मला इतका आनंद झाला. मी तो याच ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘नाचणारी कॉफी.’ त्रेसष्ट लाईक आले. कुणी ‘अप्रतिम’ लिहिलं, कुणी विचारलं, ‘काका, हे कसं साधलं?’ मी दिवसभर फोन हातात घेऊन बसलो होतो.

रात्री ग्रुपमधल्या एका निवृत्त डॉक्टरांचा मला वेगळा मेसेज आला. त्यांचं नाव लिहीत नाही, ते वाचत असतील. त्यांनी लिहिलं होतं, ‘व्हिडिओ सुंदर आहे. राग मानू नका, वहिनींचा हात किती दिवसांपासून थरथरतोय?’

मी व्हिडिओ परत लावला. या वेळी कॉफीकडं बघितलं नाही, वरच्या कोपऱ्यात हिचं मनगट होतं तिकडं बघितलं. डावी-उजवी, डावी-उजवी. कॉफी नाचत नव्हती. हात जिकडं जात होता, तिकडं वळण पडत होतं.

आता इथं मला एक कबूल करायचं आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत हिनं तिच्या स्वतःच्या खात्यावरून भाच्याच्या मुलीच्या लग्नाला आहेर म्हणून चेक दिला होता. तो परत आला. कारण, सही जुळत नाही. लग्नघरातून चेक परत येणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मी ताडताड शाखेत गेलो. काउंटरवर मुलासारखा पोरगा होता. त्याला म्हटलं, ‘मी पस्तीस वर्षांच्या वर सह्या तपासल्यात, तू मला शिकवतोस?’ त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. एका बाजूला जुनी सही, एका बाजूला चेकवरची. मी म्हटलं, ‘सारखीच तर आहे.’ त्यानं वाद घातला नाही. नमुन्याची सही नवी घ्यायचं ठरलं, मी हिला घेऊन गेलो. सही करताना तिनं डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला होता. मला वाटलं, एसीनं थंडी वाजतेय.

मंडळी, सह्या बघणं हा माझा धंदा होता. पेन्शनरांच्या सह्या वयाप्रमाणं कशा बदलतात, अक्षरांच्या कडा करवतीसारख्या कशा होतात, हे मी नवीन पोरांना शिकवलंय. अशा माणसाला काउंटरवर ताटकळत ठेवायचं नाही, खुर्ची द्यायची, सही नवीन करून घ्यायची, नाहीतर रीतसर अंगठा घ्यायचा. त्या पोरानं सगळं बरोबर केलं होतं. जाऊन त्याला तसं सांगून यायचं मनात होतं, पण मी गेलो तोवर त्याची बदली झाली होती.

त्या रात्री आधी मी काय केलं, तर ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला. मग हिच्या शेजारी जाऊन बसलो. विचारलं, ‘कधीपासून?’ तिनं वेड पांघरलं नाही. म्हणाली, ‘दोन वर्षं होत आली.’ मग एकेक निघायला लागलं. रांगोळी बंद केली ती गुडघे दुखतात म्हणून नव्हे. पाहुण्यांना कप-बशी देणं सोडून पेले काढले, कारण बशी वाजते. माझा पेला अर्धाच भरायची, मी म्हणायचो दूध वाचवतेस काय. सुईत दोरा शेजारची मुलगी ओवून द्यायची. हिच्या आईचाही हात म्हातारपणी असाच व्हायचा, म्हणून तिला नवल वाटलं नव्हतं.

‘मला सांगितलं का नाहीस?’

‘सांगून काय? डॉक्टरकडं न्याल. ते कॉफी बंद करतील.’

थोड्या वेळानं म्हणाली, ‘व्हिडिओ कुठाय?’ म्हटलं, काढला. तेव्हा मात्र ती चिडली. ‘टाकताना मला विचारलं नव्हतं, काढतानाही विचारलं नाही.’ यावर मला बोलायला काही नव्हतं.

मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. मनात जे भय होतं ते उच्चारायचं धाडस दोघांनाही नव्हतं. त्यांनी तिला हात पुढं धरायला लावले, मांडीवर ठेवायला लावले, चालायला लावलं. कागदावर आतून बाहेर गोल गोल चकली काढायला लावली, ती चकली काटेरी निघाली. आणि मग एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतायला लावलं. तपासणीच ती. मी दीड वर्ष रोज सकाळी तीच तपासणी करत होतो, फोटो काढून ठेवत होतो आणि वर रागावत होतो.

डॉक्टर म्हणाले, हा पार्किन्सन नव्हे. त्यात बहुधा हात स्वस्थ पडलेला असताना थरथरतो, हिचा काम करताना थरथरतो, स्वस्थ ठेवला की थांबतो. असा कंप पुष्कळदा घराण्यात चालत येतो. एक गोळी दिली, ब्लड प्रेशरला देतात त्यातलीच. पूर्ण जाणार नाही, कमी राहील. आणि तिनं आधीच सांगितलं होतं तसं झालं. कॉफीनं कंप वाढू शकतो, म्हणून कमी करायला सांगितली. दिवसाला तीनवरून एक. ती एक कुठली, सकाळची की चारची, यावर घरी आठवडाभर चर्चा चालली होती. सकाळची ठरली.

दोन-तीन महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. कॉफी मी करायला लागलो आणि वाईट करायला लागलो. पूड दाबायचो, डिकॉक्शन उतरायचंच नाही. ती खुर्चीवर बसून सूचना द्यायची. एक दिवस तीच म्हणाली, ‘तो स्टँड आणा इकडं. फोन त्याच्यावर असला तर माझा हात थरथरला तरी काय बिघडतं?’ खरंच की! टायमर लावला, बोट लागून फोन हलला तरी तीन सेकंदांत स्थिर होतो. मी ओतायचं, तिनं फोटो काढायचा. ओतताना ती मोजते, ‘एक, दोन, हलू नका.’ तीनला मी हलतोच. डबऱ्याच्या बाहेर निम्मी सांडते, चंद्रकळेवर दोन डाग पडलेत.

फोटो ती माझ्यापेक्षा चांगले काढते, हे मला मान्य करावं लागेल. मी पेल्याचे काढायचो. ती ओट्यावर सांडलेल्याचे काढते, फिल्टरात उरलेल्या चोथ्याचे काढते, पेल्याखाली उमटलेल्या गोल डागाचे काढते. परवा एका डागात तिला चंद्र दिसला. खाली जोडलेले चारही फोटो तिचे आहेत, तिला विचारून टाकलेत. जुना व्हिडिओही तिच्या सांगण्यावरून पुन्हा जोडलाय, या वेळी नाव तिनं दिलंय, ‘माझा हात.’

आता कामाचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जड पेला हातात घेतला तर काहींचा कंप थोडा कमी होतो, करून बघा. स्टीलच्या पेल्यानं काही फरक पडला नाही. तेव्हा हिला अज्जींच्या पितळी भांड्याची आठवण झाली. गणपत गल्लीत, खडेबाजारात बघितलं, हल्ली मिळतात ते पातळ पत्र्याचे, शोभेचे. कुणाकडं जुना, जाड, पितळी पेला आणि डबरा पडून असेल तर कृपया कळवा. हैदराबादच्या मंडळींकडं असण्याचा संभव आहे. कल्हई मी इथं करून घेईन. कल्हईवाले अजून येतात आमच्या गल्लीत, वर्षातून एकदा.